उरलेल्या रंगाची भिंत

सोमवार, ३ मार्च

सकाळी अकराला फोन वाजला आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलं आहे ते अजून जागेवर नाही.

संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई बोलत होत्या. आवाज इतका गोड की मला तिथेच संशय आला. आमचं कृत्रिम हातांचं वर्कशॉप बंद झालं, तेव्हा तिथले फोटो त्यांच्याकडे गेले हे मला ठाऊक होतं. ते आता संगणकात घातलेत आणि अठ्ठावीस तारखेपासून भिंतीएवढ्या पडद्यावर लोकांना दाखवणार आहेत, हे ठाऊक नव्हतं. "तुमच्या कामाचा गौरवच आहे, मॅडम. शिवाय तुमचा एक हातही काचेत ठेवतोय. तो परत आलेला."

गौरव गेला खड्ड्यात. एकतीस वर्षं मी त्या रंगखोलीत बसले. अकरा हजार दोनशे माणसांच्या कातडीचा रंग डोळ्यांनी बघून त्यांच्या नव्या हाताला दिला. हात तयार झाला की फोटो निघायचा: माणूस भिंतीपुढे बसलेला, समोर टेबलावर काळ्या कापडावर त्याचा नवा हात, शेजारी क्रमांकाची चिठ्ठी. बहुतेकांना फोटो नको असायचा. हात गमावलेला माणूस आधीच लोकांच्या नजरांना विटलेला असतो. मी प्रत्येकाला सांगायचे, "चेहरा या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द." मग ते बसायचे.

हे मी बाईंना सुनावलं, तर म्हणाल्या, "काळजी करू नका, चेहरे झाकणार आहोत. यंत्र आपोआप शोधतं. ते काम तुमच्या भाचीकडेच दिलंय की!"

भाचीकडे. म्हणजे जी आठवड्यातून चार वेळा माझ्याकडे जेवते आणि तोंडातून एक शब्द काढत नाही, तिच्याकडे.

आणि तो परत आलेला हात! एका कृतघ्न बाईचा आहे तो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मंगळवार, ४ मार्च

भाची आली. मी दारातच तोफ डागली. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "झालं? आता दाखवू का कसं चालतं ते?"

लॅपटॉप उघडला. मी ठरवलं होतं की बघायचं नाही. बघितलं.

फोटो म्हणजे नुसते ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. माणसाच्या कातडीत तांबडा नेहमी पुढे, मग हिरवा, निळा सगळ्यात मागे. यंत्र एवढंच बघतं. कातडीच्या रंगाचे ठिपके एकत्र दिसले, त्यांचा ढीग चेहऱ्याच्या आकाराचा असला, की भोवती चौकट काढतं.

"आणि काळा माणूस, गोरा माणूस?"

"गंमत तिथेच आहे, मावशी. उजेड बाजूला काढून ठेवला, तर सगळ्यांचा रंग जवळजवळ एकाच कोपऱ्यात येतो. फरक असतो तो मुख्यतः उजळ-गडदचा."

हे मला सांगतेय! माझ्या टेबलावर चार डबे होते: पांढरा, पिवळा, लाल, तपकिरी. एकतीस वर्षांत पाचवा डबा कधी उघडावा लागला नाही. फरक फक्त थेंबांचा. मी हे तिला म्हटलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुला आधीच माहीत होतं, आणि आम्ही पुस्तकातून शिकलो."

मग तिने स्वयंपाकघराचा फोटो काढून यंत्राला दिला. यंत्राने चार चेहरे सांगितले: मी, ती, कपाटाचं दार आणि लाकडी चमचा. मी हसून हसून खुर्चीवर बसले. लाकडात तांबडा पुढे असतो, म्हणून फसतं म्हणे. तरी कपाटाचं दार! शाळेतल्या आमच्या चित्रकलेच्या सिस्टरांनी त्याचा कान उपटला असता.

दुसरा फोटो काढताना मी म्हटलं, "अगं, तू जरा दिव्याखाली बस, म्हणजे तू नीट दिसशील त्याला."

"त्याला मी दिसते, मावशी," ती म्हणाली. आणि लॅपटॉप मिटला.

जाताना तिला मलमाची नळी दिली. उन्हात फिरून फिरून काय करून घेतलंय चेहऱ्याचं. तो मोहरीच्या रंगाचा कुर्ताही तिला अजिबात खुलत नाही, तेही सांगितलं. आपलं माणूस नाही सांगणार तर कोण सांगणार?

शुक्रवार, ७ मार्च

पहिले पाचशे फोटो यंत्राला दिले. त्याने पाचशे वेळा भिंत झाकली.

भाची डोकं धरून बसली. "या भिंतीला झालंय तरी काय? इतकी कातडीसारखी भिंत मी आयुष्यात बघितली नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला. इतकं साधं आणि मला चार दिवस सुचलं नाही!

आमच्याकडे रंग फेकत नसत. एका हातापुरता कालवला की बशीत थोडा उरायचाच. तो कोपऱ्यातल्या मोठ्या डब्यात ओतायचा. उन्हाळ्यात वर्कशॉप आठवडाभर बंद असे, तेव्हा वर्षभराचा डबा ढवळून फोटोमागची भिंत त्यानेच रंगवायची. मीच सुरू केलेली पद्धत. रंग वाया जायला नको एवढाच विचार होता. ते यंत्र बिचारं बरोबरच सांगतंय. ती भिंत म्हणजे आदल्या वर्षी आलेल्या सगळ्या माणसांची एकत्र केलेली कातडी आहे.

भाचीच्या अंगावर शहारा आला. मला मात्र फार बरं वाटलं. यंत्राला जे ओळखता आलं ते मी नकळत केलं होतं.

सोमवार, १० मार्च

भाचीने यंत्राला शिकवलं की फार मोठा पट्टा दिसला तर ती भिंत, सोडून दे. यंत्राने ऐकलं. आज पुन्हा पाचशे फोटो. प्रत्येकात एक तरी चेहरा सापडला म्हणालं, एकही कमी नाही. भाची खूश. मी म्हटलं, दाखव.

तिसऱ्याच फोटोत एक म्हातारा चेहरा उघडा टाकून माझ्याकडे बघत बसलेला. आणि काळ्या कापडावरच्या हातावर व्यवस्थित करडा लंबगोल.

हात झाकला आणि चेहरा उघडा! म्हाताऱ्याचा रंग भिंतीच्या जवळचा, त्यामुळे भिंतीबरोबर तोही सोडून दिला गेला. हात मात्र काळ्या कापडावर एकटा, नीटनेटका. यंत्राला वाटलं हाच चेहरा.

खरं लिहायचं तर आधी माझी छाती फुगली. मी केलेला हात यंत्राला खऱ्या चेहऱ्यापेक्षा खरा वाटला! साचेवाल्यांना लगेच फोन केला. हे आमच्या हातांचे साचे ओतायचे. शेजारच्या खोलीत तीस वर्षं काढून आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही.

"अहो रंगबाई, आकार माझा होता म्हणून फसलं ते. तुमच्या रंगाला कोण विचारतो!"

फोन ठेवला आणि पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. असे किती असतील? यंत्राला विचारून उपयोग नाही, ते तर एक चेहरा सापडला म्हणून समाधानात आहे. जो दिसला नाही तो दिसला नाही, हे त्याला कसं कळणार?

मंगळवार, ११ मार्च

मी म्हटलं, मी स्वतः झाकते एकेक. भाचीने माउस दिला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून दोनशे झाले. मान गेली. या हिशोबाने सगळ्यांना छप्पन्न दिवस लागतील. उद्घाटन सतरा दिवसांवर आहे.

व्यवस्थापक बाईंना तारीख पुढे ढकला म्हटलं. "मॅडम, थोडेफार राहिले तर कोण ओळखणार आहे इतक्या वर्षांनी?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. सिस्टर वाचतील.

गुरुवार, १३ मार्च

भांडी घासता घासता सुचलं. हात तसेच ओले ठेवून भाचीला फोन लावला.

"हात त्याला प्रत्येक फोटोत सापडतोय ना? मग हातालाच विचार."

"म्हणजे?"

"अगं, तुझ्या यंत्राला जगातल्या सगळ्या माणसांसाठी एकच नियम आहे. भिंतही सगळ्यांची. पण तो हात एकाच माणसाचा आहे. त्याचा रंग मी त्याच्याच चेह‍ऱ्यावरून उचललाय." हा आमचा नियम होता. उरलेला हात उन्हात रापतो, ऋतूप्रमाणे बदलतो. चेहऱ्यावरून रंग घ्यायचा, तोही खिडकीच्या उजेडात. "मी चेहऱ्यावरून हाताकडे गेले. त्याला हातावरून चेहऱ्याकडे जायला सांग. भिंतीत आणि माणसात एखाद्या थेंबाचा तरी फरक असतोच."

पलीकडून लॅपटॉप उघडल्याचा आवाज आला.

"आणि फोटो विटला असला तरी हातही तेवढाच विटलेला असणार," ती हळूच म्हणाली. "मावशी, तू भयंकर आहेस."

एक तासात आली. जेवलीसुद्धा नाही.

शाळेत चित्रकलेच्या सिस्टर पट्टी घेऊन फिरायच्या. कुणी आकाश निळं रंगवलं की फाटकन बोटांवर. "खिडकीतून बघ. आज करडं आहे. दिसतो तो रंग लाव, ठाऊक असलेला नको." त्या एका वाक्यावर मी एकतीस वर्षं नोकरी केली.

सोमवार, १७ मार्च

सगळे फोटो झाले! अकरा हजार एकशे त्रेसष्ट चेहरे सापडले आणि झाकले. भाचीने मधूनमधून सहाशे उघडून तपासले, एकही चूक नाही. साचेवाल्यांना कळवलं. ते चक्क म्हणाले, "शाबास, रंगबाई." मी त्यांना तब्येत ठीक आहे ना विचारलं.

सदतीस राहिले. त्यांच्यात यंत्राला हाताच्या रंगाचा चेहराच सापडला नाही. या वेळी निदान तसं कबूल तरी केलं त्याने. मी म्हटलं, फोटो विटलेले असतील.

"हातही त्याच फोटोत आहे, मावशी."

"मग यंत्र चुकलं असेल. अकरा हजारांत सदतीस, चालायचंच."

ती यादी ठेवून गेली. यादीत २९१४ बघून मला नवल वाटलं नाही. हीच ती कृतघ्न बाई. तेवीस-चोवीस वर्षांची होती, टपालाची वर्गवारी करायची. इतका सुंदर, नाजूक हात करून दिला मी तिला. पंधरा दिवसांनी आली आणि माझ्या टेबलावर ठेवला. "हा माझा नाही." एवढंच. मी चिठ्ठी दाखवली, क्रमांक दाखवला. "क्रमांक माझा आहे. हात माझा नाही," म्हणाली आणि निघून गेली. दुसरा मागितलासुद्धा नाही. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. सगळे म्हणाले, लोकांचं भलं करू नये.

मंगळवार, १८ मार्च

सदतीस फोटो एकामागून एक बघितले. सदतीसही बायका. सगळ्या तरुण. सगळ्या काळ्यासावळ्या.

फोटोंच्या पाठी पण संगणकात घातल्या आहेत. पाठीवर मी रंगाचे थेंब लिहायचे. अक्षर माझंच, कॉन्व्हेंटचं, उजवीकडे कललेलं. २९१४ च्या पाठीवर: तपकिरी ११. त्यावर रेघ. पुढे ८.

दुसरीच्या पाठीवर १३, रेघ, ९. तिसरीच्या १२, रेघ, ९.

उरलेल्या चौतीस बघायची गरज नव्हती. तरी बघितल्या.

बुधवार, १९ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. नळ गळतोय.

शुक्रवार, २१ मार्च

साचेवाले आले होते. गुडघे दुखतात म्हणून जिन्यात दोनदा थांबले आणि जिन्यालाच शिव्या दिल्या. मी त्यांना यादी दाखवली. म्हटलं, मला तर आठवतसुद्धा नाही.

त्यांनी चष्मा लावला, काढला.

"आम्हाला ठाऊक होतं, रंगबाई."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही आधी खरा रंग कालवायच्या. अगदी हुबेहूब. मी दारातून बघायचो, वाटायचं की बशीत त्या मुलीचा गालच ठेवलाय. मग तुम्ही तिच्याकडे एकदा बघायच्या, चक् चक् करायच्या, बशी डब्यात ओतायच्या आणि नवा कालवायला घ्यायच्या."

"मी त्यांच्या भल्यासाठी…"

"हो, चेहऱ्यावरून तसंच वाटायचं."

"मग बोलला का नाहीत? एरवी तर चहात साखर कमी असली तरी तासभर बोलायचात!"

"तुम्हाला रंगातलं सांगणारा मी कोण?" म्हणाले. आणि मग खिडकीबाहेर बघत, "शिवाय मलाही तेव्हा त्यात वावगं दिसलं नाही. खोटं कशाला बोलू?"

ते गेल्यावर मी हिशोब मांडला. खरा रंग डब्यात ओतला. डब्यातला भिंतीवर गेला. म्हणजे त्या पोरी फोटोला बसल्या, तेव्हा पुढे टेबलावर मी दिलेला रंग होता आणि त्यांचा स्वतःचा पाठीमागच्या भिंतीसाठी कोपऱ्यातल्या डब्यात.

दिसतो तो रंग लाव, ठाऊक असलेला नको. मी काय लावत होते? दिसतोही नव्हता आणि ठाऊकही नव्हता तो. मला हवा होता तो.

सोमवार, २४ मार्च

सदतीस चेहरे मी हाताने झाकले. भाची शेजारी बसली होती. माउस कसा धरायचा ते आता तिला सांगावं लागत नाही.

विसाव्या-बाविसाव्या फोटोला तिने विचारलं, "यांच्यापैकी कुणी उजळ हात मागितला होता?"

"नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही. मी विचारलंच नाही कुणाला."

ती पडद्याकडे बघत म्हणाली, "विचारत नाहीसच तू. मलमाच्या सात नळ्या आहेत माझ्या खणात. सातही बंद."

मला एकदम राग आला. मग, सात कशा झाल्या हे मोजत बसले. दर वाढदिवसाला एक धरली तरी पोरगी बावीस वर्षांची असल्यापासून.

"फेकून का नाही दिल्यास?"

"तू दिलेल्या होत्यास ना," ती म्हणाली.

२९१४ शेवटी ठेवली होती. झाकायच्या आधी नीट बघितली. खिडकीच्या उजेडात बसली आहे. तिच्या गालाच्या हाडावर तपकिरीतून लाल वर येतो, तो मला अकरा थेंबांनंतरच सापडला असणार. फार अवघड रंग. मला तो जमला होता.

मग झाकली.

मंगळवार, २५ मार्च

व्यवस्थापक बाईंकडे गेले. भाचीही आली, मी काय बोलेन या भीतीने असेल.

झाकणं करडी नकोत म्हटलं. प्रत्येक चेहऱ्याचा रंग यंत्राला आता ठाऊक आहे, तोच त्या झाकणात भरा. नाक-डोळे कुणाला दिसणार नाहीत, माझा शब्द राहील. पण प्रत्येकाला स्वतःचा रंग मिळेल. बाईंना कल्पना फारच आवडली. "वा, मॅडम! म्हणजे हात आणि चेहरा किती हुबेहूब जुळतात ते लोकांना दिसेल!"

"अकरा हजार एकशे त्रेसष्ट ठिकाणी जुळतात. सदतीस ठिकाणी नाही जुळत. तेही दिसेल."

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. "मग ते सदतीस आपण वगळू या ना."

"एकदा वगळून झालंय," मी म्हटलं.

नंतर काचेतला हात बघितला. खाली छापील पाटी: 'रंगजुळणीचा उत्कृष्ट नमुना.' मी ती काढायला लावली. बाई म्हणाल्या, छापून आलीय, आता बदलणं अवघड. मी पर्समधून पेन काढलं आणि एका पुठ्ठ्यावर, सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात, लिहून दिलं: 'हा हात जिच्यासाठी केला तिने परत केला. तिचा रंग मला जमला होता. तो मी मुद्दाम फिका केला. तिला न विचारता.' खाली माझी सही.

"मॅडम, नाव खराब होईल तुमचं. एकतीस वर्षांचं."

"माझं आहे. होऊ दे."

भाचीने पुठ्ठा घेतला आणि काचेत सरळ लावला. मी ठेवला तेव्हा तो थोडा वाकडा होता.

गुरुवार, २७ मार्च

सदतीस रंग मी स्वतः भरले. आकडे तीनच: तांबडा, हिरवा, निळा. डबे नाहीत, वास नाही, ब्रश धुवायचा नाही. निळा मला आधी परका वाटला, आमच्या टेबलावर तो कधी नव्हताच. पण निळा कमी करत नेला की तपकिरी खोल होतो, हे दहा मिनिटांत हाताला कळलं. काय सुरेख गोष्ट आहे! या वयात नवा डबा उघडायला मिळाला.

२९१४ ला एक तास लागला. भाची म्हणाली, पुरे आता, जुळलाय. मी म्हटलं, तुला काय कळतंय. मग तांबडा एकाने वाढवला. तेव्हा जुळला.

शुक्रवार, २८ मार्च

उद्घाटन झालं. भाषणं वाईट होती.

मी काचेपाशी उभी राहिले, कुणी विचारलं तर असावं म्हणून. साचेवाले खुर्ची मागवून पडद्यासमोर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटांचे आकार समजावत राहिले. पडद्यावर माणसं सरकत होती. चेहऱ्याच्या जागी एक रंग, खाली तोच रंग हाताला. लोक थांबून बघत होते. मग मधूनच एक यायची, वर गडद आणि खाली फिका.

एक बाई लहान मुलीला घेऊन उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "हिचा हात हिचा नाहीये."

"अगं, असं नाही बोलू," आई घाईने म्हणाली आणि ओशाळून माझ्याकडे बघितलं.

"बोलू दे," मी म्हटलं. "बरोबर बोलतेय ती. तो हात मी केलाय."

संध्याकाळी भाची जेवायला आली. मोहरीच्या रंगाचा कुर्ता घालून. मी ताटं मांडत होते. म्हणाली, "मावशी, इकडे बघ," आणि दोघींचा फोटो काढून यंत्राला दिला. मी सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला होता. तो तसाच मागे घेऊन टेबलावर ठेवला.

खिडकीतला उजेड पुरेसा होता. यंत्राने तिला चौकट दिली, मला दिली आणि कपाटाच्या दारालाही.

"अजून सुधारायचंय त्याला," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "तू बस, आमटी गरम आहे."